पाव इंचाचा सेट

हत्यारांच्या त्या दुकानात ती कामाला लागली तेव्हा पटाशी कशाला म्हणतात हेही तिला माहीत नव्हतं. मालकाला बिलं लिहायला आणि फोन घ्यायला कुणीतरी हवं होतं, तिला घरापासून चालत जाता येईल अशी नोकरी हवी होती, एवढाच तो योग. नवरा शाळेची बस चालवायचा. सकाळची फेरी, दुपारची फेरी, आणि मधल्या वेळात स्वयंपाकघर त्याच्याकडे. या व्यवस्थेला सोळा वर्षं होत आली होती आणि दोघांपैकी कुणालाच ती बदलावीशी वाटत नव्हती.

पहिलं वर्षभर तिने नुसते कान उघडे ठेवले. गिऱ्हाईक यायचं, काउंटरवरचा माणूस खोक्यातून काहीतरी काढून हातावर ठेवायचा, आणि चार दिवसांनी तेच गिऱ्हाईक तणतणत परत यायचं. हळूहळू तिच्या ध्यानात आलं, की यातली निम्मी भांडणं राउटरच्या बिटांवरून होतात. राउटर म्हणजे लाकडात खाच पाडायचं, कडा गोल करायचं, हातात धरून चालवायचं मशीन, आणि बिट म्हणजे त्याच्या तोंडात आवळलेलं, गरगर फिरणारं धारेचं पातं. मशीन माणूस एकदाच घेतो. बिटं घेतच राहतो, आणि बहुतेक वेळा चुकीची घेतो.

तिला शिकवलं ते एका म्हाताऱ्या मिस्त्रीने. त्याचे गुडघे गेले होते, काम सुटलं होतं, पण दुकानाच्या पायरीवर बसून चहा पिण्याची सवय सुटली नव्हती. तो लोकांनी फेकलेली बिटं खिशातून काढायचा आणि तिच्यापुढे धरायचा. "सांग पोरी, हे का जळलं?" ती म्हणायची, "धार गेली म्हणून." "धार का गेली?" मग तिला उत्तर यायचं नाही, आणि मिस्त्री खूश व्हायचा. दोन वर्षांत ती उत्तरं द्यायला लागली. पात्यावरची कार्बाइडची, म्हणजे कडक धातूची, चकती किती जाड आहे ते नखाने बघायचं, बेअरिंग बोटाने फिरवून खरखर लागते का ते बघायचं, दांडीवर नजर टाकून ती सरळ आहे का ते ओळखायचं, सगळं तिच्या बोटांत उतरलं. पुढे मिस्त्री गेला, काउंटरवरचा माणूस दुसरीकडे गेला, आणि मालकाने एक दिवस बिलाचं पुस्तक दुसऱ्याच्या हातात देऊन तिला काउंटरवर उभं केलं. तेव्हापासून तिचं नाव पडलं बिटताई.

तिची ख्याती होती ती महाग माल विकण्याची नव्हे, स्वस्तातलं नेमकं काढून देण्याची. हौशी लोक यायचे. कुणी नोकरीतून नुकताच सुटलेला, कुणाला बायकोसाठी चपलांचा स्टँड करायचा, कुणाला नातवाला खेळणं. सगळ्यांना हवा असायचा तो तीस बिटांचा चकचकीत सेट, लाकडी पेटीतला. असाच एक बँकेतला गृहस्थ पेटीवर हात ठेवून उभा होता, तेव्हा ती म्हणाली, "घ्या की. पण यातली सत्तावीस तुमच्याकडे पाहुणी म्हणून राहतील. जेवू घालावं लागणार नाही, पण धूळ मात्र जन्मभर पुसावी लागेल." गृहस्थ हसला आणि तीन बिटं घेऊन गेला. एक सरळ, खाचेसाठी. एक बेअरिंगचं, कडा गोल करायला. एक टोकदार, नक्षीला. "हलक्या कामाला हे पुष्कळ झालं," असं ती म्हणायची. "चौथं कधी लागलं तर तेव्हा या. तोवर आम्ही कुठे जात नाही."

आणि एक गोष्ट ती विचारल्याशिवाय सोडत नसे. तुमच्या मशीनची पकड केवढी? कारण बिटाची दांडी ज्या पकडीत आवळायची, तिचं माप एकतर पाव इंच असतं नाहीतर सहा मिलीमीटर. ऐकायला दोन्ही सारखंच. फरक एखाद्या व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढा. पण सहाची दांडी पाव इंचाच्या पकडीत घातली तर पाना कितीही आवळा, ती धरल्यासारखी वाटते, धरलेली नसते.

हे सगळं तिला माहीत होतं. म्हणूनच पुढे जे झालं ते तिला इतकं लागलं.

त्या वर्षी मालकाने एका नव्या पुरवठादाराकडून बारा बारा बिटांचे छोटे सेट आणले. स्वस्त होते, पेटीही बरी दिसत होती, आणि झाकणावर ठसठशीत छापलं होतं, पाव इंच. मालक माणूस वाईट नव्हता, पण नवीन माल आला की तो लहान मुलासारखा व्हायचा. स्वतः काउंटरच्या टोकाला उभा राहून गिऱ्हाइकाला पेटी उघडून दाखवायचा. पुरवठादारही त्या दिवशी तिथेच होता, खुर्चीवर बसून, एक पाय हलवत.

तेवढ्यात ड्रॉइंग मास्तर आले. शाळेतून सुटून त्यांना तीन वर्षं झाली होती. उंच, किरकोळ अंगाचे, शर्टाच्या खिशाला कायम दोन पेन्सिली. ते वर्षभरापासून दुकानात यायचे आणि बिटताईशी त्यांचं जमायचं, कारण ते तिचं ऐकून घ्यायचे. आधीची तीन बिटं त्यांनी पार झिजवली होती.

"आता फ्रेमा करायला घेतल्यात," ते म्हणाले. "शाळेतली पोरं जाताना चित्रं माझ्याकडेच टाकून जायची. माळ्यावर गठ्ठे आहेत. निवडक पंचवीस-तीस फ्रेम करून ज्याचं त्याला देऊन टाकावं म्हणतो. पोरं आता बाप झाली असतील."

मालकाने लगेच पेटी पुढे सरकवली. "मास्तर, हे बघा. तीन बिटांच्या भावात बारा."

बिटताईने सवयीने त्यातलं सरळ बिट उचललं आणि दोन बोटांत फिरवलं. बोटांना काहीतरी खटकलं. दांडी किंचित बारीक वाटली. माप घ्यायचा व्हर्नियर खणात होता, हाताच्या अंतरावर. पण पुरवठादार तिच्याकडे बघत होता, मालक बोलतच होता, आणि झाकणावर तर छापलेलंच होतं. भरलेल्या दुकानात मालकाच्या नव्या मालावर संशय घेतल्यासारखं दिसलं असतं. भास असेल, असं तिने मनाला सांगितलं.

"माझ्या मशीनला बसेल ना?" मास्तरांनी विचारलं ते तिला, मालकाला नाही.

"पाव इंचाचं आहे ना तुमचं? मग बसेल," ती म्हणाली.

मास्तरांनी पेटी पिशवीत टाकली. त्यांनी तिच्या शब्दावर घेतली, हे तिथल्या सगळ्यांना दिसलं.

साडेतीन आठवड्यांनी एक तरुण बाई दुकानात आली आणि तीच पेटी काउंटरवर ठेवून म्हणाली, "हे परत घ्या. पैसे नकोत. फक्त आमच्या घरात नको."

ती मास्तरांची मुलगी होती. बोलताना ती काउंटरवरच्या काचेकडेच बघत होती. वडिलांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली होती. अख्खी नव्हेत, तर्जनी आणि मधल्या बोटाचं टोकाचं पेर. मशीन उसळलं आणि लाकूड धरलेल्या हातावर आलं. "वय झालंय, हात थरथरतो, पण ऐकतील तर ना," ती म्हणाली. "मी किती दिवस सांगतेय, की बाबा, ही यंत्रं आता तुमच्या हातातली नाहीत. आता पटलंय त्यांना. एवढं होऊन पटलं."

मुलगी गेली. दुकानात एक जण खिळे मोजून घेत होता, त्याचं होईपर्यंत ती पेटीवर हात ठेवून उभी राहिली. मग खण उघडला, व्हर्नियर काढला आणि एकेक दांडी मोजली. अकरा बिटं होती. अकराही सहा मिलीमीटर. बाराव्या जागेचा खळगा रिकामा होता.

तिने पेटी आणि व्हर्नियर मालकापुढे नेऊन ठेवले.

मालकाने स्वतः माप घेतलं, दोनदा घेतलं, आणि त्याचा चेहरा उतरला. शटर अर्धं खाली ओढून तो हळू आवाजात म्हणाला, "ताई, जे राहिलेत ते सेट आजच परत जातील. त्या पुरवठादाराला मी बघून घेतो. पण मास्तरांचं याच्यामुळेच झालं, हे कशावरून? त्यांनी पाना नीट आवळला नसेल. त्यांची मुलगीच म्हणतेय, हात थरथरतो."

"मला त्या दिवशी बोटाला जाणवलं होतं," ती म्हणाली.

"काय जाणवलं होतं?"

"दांडी बारीक आहे ते. तुम्ही उभे होता म्हणून मी बोलले नाही."

"हे मला सांगितलंत, ठीक. आणखी कुणाला सांगू नका," तो म्हणाला. "दुकान बसेल. मग तुम्ही कुठे आणि मी कुठे."

संध्याकाळी नवऱ्याने कुकर लावला होता. तिने त्याला उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तो गॅस बारीक करून ऐकत राहिला.

"जाऊ नकोस," शेवटी तो म्हणाला. "त्यांची बोटं काही परत येणार नाहीत. नोकरी मात्र जाईल."

"ते समजतायत की चूक त्यांची झाली."

"समजू दे ना मग. त्यात कुणाचं काय बिघडतंय?"

तिला राग आला नाही, कारण हेच ती दिवसभर स्वतःला सांगून बघत होती. आणि खरं म्हणजे तिलाही अजून पक्कं माहीत नव्हतं. अकरा बिटं बारीक होती, पण बारावं बिट तिने पाहिलं नव्हतं, मशीन पाहिलं नव्हतं. मास्तरांचा हात खरंच थरथरलाही असेल. असं असेल तर आपण सुटलो, हा विचार मनात आला आणि त्या विचाराचीच तिला लाज वाटली. दोन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी, दुपारची फेरी संपवून आल्यावर, नवरा आपण होऊन म्हणाला, "चल, सोडतो तुला. मी खाली थांबतो. वर येणार नाही."

मास्तरांचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दार त्यांच्या पत्नींनी उघडलं. बुटक्या, करड्या केसांच्या, चष्मा कपाळावर सरकवलेल्या. हत्यारांच्या दुकानातून आलेय म्हटल्यावर त्या दारातच थबकल्या, पण आतून मास्तरांचा आवाज आला, "कोण, बिटताई का? येऊ दे."

ते खिडकीजवळ खुर्चीत बसले होते. डावा हात उशीवर, बँडेजमध्ये. शर्टाच्या खिशाला पेन्सिली नव्हत्या. बिटताईच्या ते लगेच लक्षात आलं आणि तिला वाटलं, आपण परत फिरावं.

"उजवा ठीक आहे हो," तिची नजर बघून ते म्हणाले. "पण काही काढत नाही सध्या. ज्याचा डावा थरथरतो, त्याच्या उजव्याचा काय भरवसा?" ते हसायला गेले आणि जमलं नाही. "मला कळलंच नाही बघा कधी सुटला हात. आपण तर गच्च धरलंय असंच मला वाटत होतं. आता रोज इथे बसून हात समोर धरून बघतो, थरथरतो का. कधी वाटतं हो, कधी वाटतं नाही."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"ते काय म्हणणार? वय विचारलं आणि मान हलवली."

ती म्हणाली, "मास्तर, मला ते लाकूड बघायचंय. ज्याच्यावर काम करत होतात ते. आहे का अजून?"

पत्नी म्हणाल्या, "कशाला आता ते?" पण मास्तरांनी मागच्या गॅलरीकडे बोट केलं. तिथे एक बाक होता, त्यावर जुनी चादर टाकलेली. चादरीखाली राउटर होता, बारावं बिट अजून त्याच्या तोंडात, आणि बाजूला फ्रेमची एक पट्टी. कुणीतरी ती पुसली होती, तरी लाकडाच्या रेषांत काळपट डाग राहिला होता.

तिने पट्टी उचलली आणि खाच बघितली. मग खिडकीच्या उजेडात नेऊन पुन्हा बघितली.

खाच सुतासारखी सरळ होती. कडेला आधाराची दुसरी पट्टी लावून मास्तरांनी ती पाडली होती आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती केसभरसुद्धा डावीउजवीकडे हललेली नव्हती. पण सुरुवातीला ती नखाएवढी खोल होती, मध्यावर त्याच्या दुप्पट, आणि शेवटी जिथे मशीन उसळलं तिथे जवळजवळ आरपार. हात थरथरला असता तर खाच वाकडी झाली असती. ही वाकडी नव्हती. ही खाली खाली गेली होती. बिट चालता चालता पकडीतून सरकून बाहेर येत होतं, पूर्ण वेळ, आणि वरून मास्तरांना ते दिसायला काही मार्गच नव्हता.

तिने पर्समधून व्हर्नियर काढला. बिटाची दांडी बाहेर जेवढी दिसत होती तिथे लावला. सहा.

ती पट्टी घेऊन मास्तरांसमोर आली आणि स्टूल ओढून बसली.

"तुमचा हात थरथरलेला नाही," ती म्हणाली. "हे बघा. इथून हात लावून बघा. खोली कशी वाढत गेलीय बघा."

मास्तरांनी उजव्या हाताचं बोट खाचेतून फिरवलं. एकदा, मग पुन्हा. चित्रकाराचं बोट ते. त्याला सांगावं लागलं नाही.

"बिट सरकत होतं?"

"हो. दांडी पाव इंचाची नाही. झाकणावर लिहिलंय, पण नाही. सगळीच सहाची आहेत. तुमच्या मशीनने ती नीट धरलीच नव्हती. तुम्ही कितीही आवळलं असतं तरी."

मास्तरांच्या पत्नींनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि पट्टी बघायला पुढे आल्या.

मास्तरांनी विचारलं, "तुम्हाला हे कधी कळलं?"

इथे तिला सोपी वाट होती. तुमची मुलगी पेटी देऊन गेली तेव्हा, असं म्हटलं असतं तर तेही खोटं नव्हतं. मास्तर वाट बघत होते.

"मोजलं परवा," ती म्हणाली. "पण शंका त्याच दिवशी आली होती. तुम्हाला दिलं तेव्हा. बोटाला जाणवलं होतं. मालक होते, तो पुरवठादार होता... मी मोजलं नाही. तुम्ही विचारलंत बसेल का, आणि मी बसेल म्हणाले."

मास्तर ओरडतील म्हणून ती वाट बघत होती, पण ते ओरडले नाहीत. त्यांनी फक्त पट्टी मांडीवरून उचलून बाजूला ठेवली, तिच्यापासून लांब.

"मी तुम्हालाच विचारलं होतं," ते म्हणाले.

"हो."

"मालकाला नव्हतं विचारलं."

"हो."

पत्नी दाराकडे गेल्या आणि दार उघडून उभ्या राहिल्या. "निघा तुम्ही," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "तीन आठवडे हा माणूस झोपेत हात चाचपतोय. निघा."

मास्तरांनी त्यांना थांबवलं नाही. ती उठली, स्टूल होतं तिथे ठेवलं, आणि जिना उतरली. खाली नवरा शाळेच्या बसला पाठ टेकून उभा होता. त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि बसचं दार उघडलं. लहान मुलांच्या बाकावर बसून ती घरापर्यंत रडली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या तिने हमीपत्रांचा गठ्ठा समोर घेतला आणि फोन ओढला. मास्तरांशिवाय आणखी चार जणांनी ते सेट नेले होते. मालक तिच्यासमोरच उभा होता. "काय करताय?" त्याने विचारलं.

"फोन करतेय. मास्तरांना मी काल सांगून आले. आता यांनाही सांगते."

"मी नको म्हटलं होतं."

"हो. म्हटलं होतं." तिने नंबर फिरवला.

पहिला माणूस हसला आणि म्हणाला, पेटी अजून उघडलेलीसुद्धा नाही. दुसऱ्याचं मशीन सहाच्या पकडीचं निघालं, त्याला काहीच अडचण नव्हती. तिसऱ्याने फोन कट केला. पुन्हा केला तेव्हा तो म्हणाला, एक बिट सुटून भिंतीत घुसलं होतं आणि त्याला वाटलं होतं चूक आपलीच. चौथी एक बाई होती, घरी दागिन्यांचे डबे करायची. तिच्याकडे बिटताई स्वतः जाऊन सेट घेऊन आली. तोवर मालक गल्ल्यावर बसून होता. त्याने तिला थांबवलंही नाही आणि मदतही केली नाही. पण संध्याकाळी तो म्हणाला, "उद्यापासून तुम्ही मागे गोदामात बसा. काउंटरवर दुसरं कुणी बघेल." काढून टाकतो असं तो म्हणाला नाही. ती मागे गेली आणि स्क्रूंच्या डब्यांना चिठ्ठ्या लावत बसली. काम वाईट नव्हतं, पण तिथे कुणी काही विचारायला येत नसे, आणि त्या शांततेत मास्तरांचं वाक्य तिच्या कानात घुमत राहायचं.

पंधरा दिवसांनी मास्तरांची मुलगी आली. नव्या माणसाने तिला गोदामाकडे पाठवलं. ती दारातच उभी राहिली.

"बाबांनी पेन्सिल हातात घेतलीय, एवढंच सांगायला आले," ती म्हणाली.

बिटताईने हातातली चिठ्ठी खाली ठेवली.

"आभार मानायला नाही आले मी," मुलगी पुढे म्हणाली आणि तिचा आवाज चिरकला. "तुम्हाला माहितीये, मी त्यांना रोज काय म्हणत होते? वय झालं, हात थरथरतो, आता गप बसा एका जागी. हॉस्पिटलमध्ये ड्रेसिंग चालू असताना म्हणत होते. आणि ते मान खाली घालून हो म्हणायचे. तुम्ही त्या दिवशी दुकानात मोजलं असतंत तर बोटं वाचली असती. ते एक राहू दे. पण मी बोलले ते मी कसं परत घेऊ?"

बिटताईने एक खोकं रिकामं करून पुढे केलं आणि मुलगी त्याच्यावर बसली. जाताना मुलगी म्हणाली, "आईसमोर तुमचं नाव काढायची सोय नाही. या दुकानाची पायरी चढायची नाही, अशी शपथ घातलीय तिने बाबांना."

काउंटरवरचा नवा माणूस चार महिने टिकला. त्याने एका सुताराला नको ती बिटं दिली, सुताराने ती गल्ल्यावर आदळली, आणि मालक गोदामाच्या दाराशी येऊन भिंतीकडे बघत म्हणाला, "ताई, या पुढे." त्यांच्यात पूर्वीसारखं बोलणं काही राहिलं नाही. चहा एकत्र होईना. पण नवीन माल आला की पेटी न फोडता तो तिच्यापुढे ठेवायचा आणि स्वतः रस्त्यावर जाऊन उभा राहायचा, ती मोजून होईपर्यंत.

एका सकाळी फोन वाजला. तिने उचलला.

"बिटताई, मी बोलतोय," पलीकडून मास्तरांचा आवाज आला, दबलेला, शाळेत मागच्या बाकावरून बोलतात तसा. "बोलता येईल का दोन मिनिटं?"

ती उठून उभी राहिली. "बोला ना मास्तर."

"मी त्या पुलाजवळच्या दुकानात आहे. शपथेमुळे तुमच्याकडे येता येत नाही. इथल्या माणसाने माझ्यापुढे दोन सरळ बिटं ठेवलीत, एक स्वस्त, एक महाग. महाग घ्या म्हणतोय. मला काही कळेना."

बिटताईने विचारलं, "फ्रेमाच करायच्यात?"

"फ्रेमाच. अजून एकोणीस राहिल्यात. डाव्या हाताऐवजी आता क्लॅम्प लावतो, दोन-दोन. हात जवळ नेतच नाही."

"दांडी मोजून घेतलीत?"

"पहिली तीच. त्याच्यासमोर मोजली. त्याला राग आला. येऊ दे."

"मग स्वस्तातल्या बिटाची चकती बघा. पात्याला जिथे जोडलीय तिथे फट दिसते का? नखाने."

पलीकडे खुडबुड झाली. कुणीतरी वैतागून काहीतरी बोललं. मालक गल्ल्यावरून तिच्याकडे बघत होता. दुसऱ्या दुकानातला माल आपल्या फोनवरून निवडला जातोय, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. त्याने तोंड उघडलं, मग पुन्हा मिटलं.

"फट नाही," मास्तर म्हणाले.

"दोन्ही पाती सारखी?"

"सारखीच दिसतात."

"मग स्वस्तच घ्या," ती म्हणाली. "तुमच्या कामाला ते पुष्कळ आहे."

"बरं," मास्तर म्हणाले, आणि फोन ठेवला. तब्येत कशी, घरचे कसे, काहीच नाही. तीही रिसीव्हर ठेवून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. ते मघापासून बिजागऱ्यांसाठी थांबलेलं होतं.